लांडगा-माणसाची प्रेमकथा इंदुरात घडवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंदुरात घडणारी चाळीस भागांची मराठी कथामालिका लिहायची आहे. नायिका राजेंद्रनगरच्या मराठी घरातली, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणारी. नायक दर पौर्णिमेला लांडगा होतो. त्याने पहिल्याच भागात वासावरून तिला ‘आपली’ म्हणून ओळखलं, तिनेही ते मानलं. दहा भाग झाले आणि आता कथा हलत नाही. शिवाय सगळं इंग्रजीतून उचलल्यासारखं वाटतं.

गाडी दहाव्या भागात अडलेली दिसते, पण चूक पहिल्या भागात आहे. वास आला आणि जोडी ठरली, असं झालं की नायिकेला करण्यासारखं काही उरत नाही. तिच्या होकाराला किंमत यायची तर नकाराची वाट उघडी हवी, आणि तुमच्या नियमात ती वाटच नाही. तो भाग पुन्हा लिहा. वास खरा असू द्या, पण त्याच्यापुरता. हजार माणसांत त्याला ती ओळखू येते, एवढंच. त्यातून हक्क मिळत नाही, उलट पंचाईत होते: जे त्याला कळलंय ते तिला सांगायचं तर आधी आपण कोण आहोत ते सांगावं लागेल. ही पंचाईत आठ-दहा भाग सहज पेलते.

वासाचं वर्णनही बदला. चंदन, पहिला पाऊस, मोगरा हे वाचकाने शंभरदा वाचलंय. लॅबमध्ये दिवस काढलेल्या मुलीच्या हाताला स्पिरिटचा वास येईल, ग्लोव्हजच्या आतल्या पावडरीचा येईल, डब्यातल्या लोणच्याचा येईल, आणि त्या सगळ्याच्या खाली तिचा स्वतःचा. नायकाने ते थर एकेक करून ओलांडले तर ते नाक खरं वाटतं. आपल्याकडे दर्प, कुबट, उग्र, खमंग, दरवळ असे नेमके शब्द आहेत, ते वापरा.

चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा असतो. त्यातली एक रात्र तो लांडगा, बाकी सगळ्या रात्री माणूस. प्रेम जमतं ते त्या बाकीच्या रात्रींत. पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत उड्या मारणारी मालिका वाचक सोडून देतात, कारण त्यांना ही दोघं एकत्र कशी राहतात हे बघायचं असतं. कोण कोणाला लॅबमधून घ्यायला येतं, भांडण झाल्यावर पहिला फोन कोण करतं, रात्री सराफा बाजारात गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाताना शेवटचा तुकडा कोणासाठी ठेवला जातो. चाळीस भागांत दहा पौर्णिमा येत असतील तर एका पौर्णिमेमागे चार भाग मिळतात. त्यातले तीन मधल्या दिवसांना द्या.

आता नियम. लिहायला बसण्याआधी एका पानावर ते पक्के करा आणि मालिका संपेपर्यंत ते पान बदलू नका. सगळ्यात मोठा प्रश्न: रूपांतर नेमकं कशाने होतं? तिथीने, चंद्रोदयाने की चांदण्याने? वरवर तिन्ही सारखी वाटतात, पण तिन्हींतून वेगवेगळ्या कथा निघतात.

तिथीने होत असेल तर लक्षात घ्या, तिथी सूर्यास्ताला लागत नाही. ती साधारण एकोणीस ते सव्वीस तासांची असते आणि दिवसा कधीही लागू शकते. म्हणजे तो दुपारी ऑफिसात बसलेला असताना लांडगा होईल. चंद्रोदयाने होत असेल तर हिशेब सोपा. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि सूर्योदयाच्या सुमारास मावळतो. पण रात्र सगळ्या महिन्यांत सारखी नसते. इंदुरात डिसेंबरअखेरची रात्र सव्वातेरा तासांच्या आसपास भरते, जूनअखेरची साडेदहाच्या. तोच शाप हिवाळ्यात जवळजवळ पावणेतीन तास लांबतो. पौषातल्या पौर्णिमेनंतरची सकाळ जास्त दमलेली, जास्त गारठलेली लिहा.

मी चांदण्याचा नियम निवडायला सांगेन, म्हणजे अंगावर पौर्णिमेचं चांदणं पडलं तरच बदल. कारण माळव्यात त्यातून कथा आपोआप घडते. श्रावण-भाद्रपदात आभाळ भरलेलं असतं. पावसाळा त्याला सुटीसारखा असतो. पावसाची आपण इतकी प्रेमगाणी लिहिली आहेत, पण इथे नायकाला पाऊस हवाहवासा वाटण्यामागे हाडामांसाचं कारण आहे. आणि भीतीही त्यातच: ढग फाटला तर? या नियमाची एक पळवाट मात्र आधीच बुजवा. तो बंद खोलीत बसून का राहत नाही, हा प्रश्न पहिल्या आठवड्यात वाचक विचारणारच. उत्तर सोपं ठेवा: टाळता येतं, पण टाळलं की पुढचे चार-पाच दिवस अंगात ताप आणि ठणका असतो, आणि लागोपाठ तीन वेळा टाळलं तर पुढचा बदल चांदण्याशिवाय, कुठेही होतो. किंमत आकड्यांत सांगितली की नियम लक्षात राहतो.

आणखी एक. पौर्णिमा आणि चांदीची गोळी हे काही प्राचीन अटळ नियम नाहीत. युरोपातल्या जुन्या लोककथांत ते सरसकट आढळत नाहीत. विसाव्या शतकात चित्रपटांनी ते घट्ट केले. बाराव्या शतकातल्या एका फ्रेंच काव्यकथेत तर बायको नवऱ्याचे उतरवलेले कपडे लपवते आणि तो लांडगाच राहतो. तेव्हा नियम बदलायला घाबरू नका. फक्त आपला नियम आपल्या मातीतून यायला हवा.

ती माती इंदुरात पायाखालीच आहे. होळकर धनगर, त्यांचं कुलदैवत खंडोबा. धनगराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा वैरी कोण? लांडगा. मेंढरू उचलणारा. नायिका धनगर घरातली केलीत तर तिच्या आजीच्या तोंडी लांडग्याबद्दल जे येईल ते कुठल्याही परदेशी कथेत सापडणार नाही: राग, आणि रागाखाली एक जुनी ओळख, कारण त्याच्या सवयी तिच्याइतक्या कोणाला ठाऊक नसतात. खंडोबाच्या परंपरेत वाघ्या आहे, जो देवाचा कुत्रा म्हणवून घेतो. नायकाच्या घराण्याचं मूळ तिथे शोधता येईल, पण जपून. श्रद्धेने चालत आलेल्या व्रताला शापाचं रूप दिलंत तर वाचक दुखावेल आणि ते योग्यच असेल. व्रत पाळताना एका पूर्वजाकडून शब्द मोडला गेला, तिथून हे सुरू झालं, असं काही चालेल. वृक म्हणजे लांडगा, आणि भीमाचं एक नाव वृकोदर. न शमणाऱ्या भुकेसाठी आपल्याकडे हा शब्द आहेच. रूपांतराच्या आदल्या दिवशी नायकाला अशीच भूक लागते आणि नायिकेची आई कौतुकाने वाढत राहते, हा प्रसंग कळवळा आणि भीती दोन्ही देतो.

लांडगा कोणता, हेही ठरवा. भारतीय लांडगा दाट रानातला नाही. माळरान, झुडपं, शेताच्या कडा ही त्याची जागा. अंगाने सडपातळ, केस आखूड, वजन साधारण सतरा ते पंचवीस किलो. सत्तर किलोचा माणूस वीस किलोचा लांडगा झाला तर उरलेलं वजन कुठे गेलं? दोन वाटा आहेत. एक, लांडगा सत्तर किलोचाच. मग तो पाहणाऱ्याला लांडगा वाटणारच नाही, गावात वाघाची अफवा उठेल, वनखात्याचे लोक पंजे मोजायला येतील. दुसरी, तो साध्या लांडग्याएवढाच होतो आणि वजनाचं कोडं जादूवर सोडायचं. प्रेमकथेला दुसरी वाट बरी. वीस किलोचं जनावर नायिका उचलून स्कूटरवर आणू शकते, घोंगडीत गुंडाळू शकते. त्याला जपावं लागतं, हे तिच्या लक्षात येतं. गावठी कुत्र्यांची टोळी त्याला फाडू शकते, खंडवा रस्त्यावरचा ट्रक उडवू शकतो. तिची भीती ‘तो मला मारेल’ इथून ‘त्याला कोणी मारेल’ इथे सरकते, आणि प्रेम झालंय हे वाचकाला तिच्याआधी कळतं. लांडगा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे बंदूक घेऊन निघालेला तिचा भाऊ स्वतःच गुन्हेगार ठरतो. खलनायक न बनवता त्याच्यावर दबाव आणायला हे उपयोगी पडतं.

कळपाचा ‘अल्फा’, म्हणजे सगळ्यांवर सत्ता गाजवणारा म्होरक्या, हा प्रकार शक्यतो सोडा. ती कल्पना १९४७मध्ये प्राण्यांच्या वागणुकीचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त, एकमेकांशी नातं नसलेल्या लांडग्यांवर केलेल्या अभ्यासातून पसरली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या लिखाणाने ती लोकप्रिय झाली, आणि त्यांनीच १९९९मध्ये लिहिलं की मोकळ्या रानातला कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पोरं. थोरली भावंडं धाकट्यांना भरवतात, मग वयात आलं की घर सोडतात. ज्याला ‘एकटा लांडगा’ म्हणतात तो बहुतेकदा घराबाहेर पडलेला तरुण असतो, जोडीदार आणि जागा शोधणारा. मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही. हे एकत्र कुटुंब आहे. कळपाचा विरोध म्हणजे सासूचा विरोध, आणि तिच्याकडे खरं कारण आहे: सून माणूस आहे, घराचं गुपित बाहेर जाईल.

घर म्हटलं की पत्रिका आली. इथे एक तयार खजिना पडून आहे. छत्तीस गुणांत योनीचे चार गुण असतात आणि प्रत्येक नक्षत्राला एक प्राणी. आर्द्रा आणि मूळ यांची श्वान योनी, अनुराधा आणि ज्येष्ठा यांची मृग योनी, आणि श्वान-मृग हे वैर. नायक आर्द्रेचा, नायिका अनुराधेची ठेवा. योनीचे चारपैकी शून्य गुण. गुरुजी सहज बोलून जातात, नायिकेची आई कपाळाला आठ्या घालते, आणि खोलीत एकट्या नायकाला कळतं की कागदाने खरं सांगितलंय.

चांदीचा नियम ठेवणार असाल तर मराठी घरात हिंडून बघा. निरांजन, तबक, बाळाचे वाळे, उष्टावणाची वाटी, पैंजण, आणि नायिकेच्या पायात लग्नानंतर येणारी जोडवी. मिठाईवरचा वर्खसुद्धा चांदीचा. स्पर्शाने पोळत असेल तर तो देवघरात का जात नाही, काजूकतली का नाकारतो, हे धागे तिसऱ्या-चौथ्या भागापासून पेरता येतात. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते. तांबं, जस्त, निकेल असतं. नायिकेने जोडवी त्याची करून घेतली आणि सासूने एका नजरेत ओळखली, तर त्या एका प्रसंगात सासू-सुनेचं नातं वळू शकतं. सराफा दिवसा चांदीच्या दुकानांचा आणि रात्री खाण्याच्या ठेल्यांचा, म्हणून नायक तिथे रात्रीच येईल. तेही जपून, कारण सराफ्यातली धूळ झारेकरी उगीच झाडून नेत नाहीत. तिच्यात सोन्याचांदीचा कीस असतो. अनवाणी पंजाला तो गल्लीभर चटका आहे.

रूपांतराचे प्रसंग तीनच सविस्तर लिहा, बाकीचे एका वाक्यात उरका. पहिलं साडेतीनशे-चारशे शब्दांचं, नायिकेच्या बाजूने, दाराबाहेरून, फक्त आवाज. डोळ्यांनी काही दिसू देऊ नका. दुसरं तिच्यासमोर, दीडशे शब्दांत, आणि शरीराचा एकच भाग धरून: जबडा, नाहीतर बोटं. माणसाचे बत्तीस दात, लांडग्याचे बेचाळीस. दहा दात कुठून येतात एवढ्यावर ते दीडशे शब्द निभतात. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे कणा मोडला, कातडी फाटली, नखं आली, डोळे पिवळे झाले अशी यादी. यादीला वेदना नसते. तिसरं रूपांतर त्याच्या बाजूने लिहा, त्यात भाषाच आटत जाऊ द्या: आधी विशेषणं जातात, मग नावं, शेवटी फक्त वास आणि दिशा.

त्याहून मोलाची असते परतीची सकाळ. बहुतेक लेखक ती गाळतात. नखांत काळी माती, ओठ फुटलेले, अंगभर कुसळं, तोंडात अशी चव की ती कशाची हे त्याला विचारवत नाही. इंदुराजवळच्या चोरलच्या वाटेवर कुठेतरी उघडा पडलेला माणूस. नायिका घोंगडी आणि पाण्याची बाटली घेऊन पोहोचते. मेंढीच्या लोकरीची, तिच्या आजीची घोंगडी लांडग्याच्या अंगावर. काही समजावू नका, तिला फक्त ती पांघरू द्या. घरी आल्यावर मऊ भात, तूप, मेतकूट. शरीराची जवळीक लिहायची असेल तर ती या सकाळीनंतर, दोघं शुद्धीवर आणि माणूस असताना. लांडग्याच्या रूपात शृंगार आणू नका. त्या रूपात त्याला विचारता येत नाही आणि तिला उत्तर देता येत नाही.

चावून ‘खूण’ करण्याची प्रथा तुमच्या आराखड्यात आहे. लॅबमधली मुलगी त्या चाव्याकडे कशी बघेल, याचा विचार करा. आधी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवेल, मग एमवाय या सरकारी रुग्णालयात जाईल. रक्त आलं असेल तर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, आणि रेबीजची लस, दंडाच्या स्नायूत द्यायच्या वेळापत्रकाप्रमाणे शून्य, तीन, सात, चौदा आणि अठ्ठावीसव्या दिवशी. पौर्णिमेच्या रात्री चावा झाला असेल तर शेवटची सुई पुढच्या पौर्णिमेच्या एक-दोन दिवस आधी येते. पाच सुया, पाच भेटी, प्रत्येक वेळी तो बाहेर बाकावर बसलेला. पाचवी घेऊन ती बाहेर येते तेव्हा दोघांनाही ठाऊक असतं की परवा काय होईल किंवा होणार नाही ते कळेल. आणि तिला विचारल्याशिवाय चावलं असेल तर त्याला माफी स्वस्तात देऊ नका. कमीत कमी दोन पौर्णिमा जाऊ द्या.

ओळखीची खूणही तिच्या कामातून काढा. लांडग्याच्या शरीराचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या घरात असतं. पौर्णिमेच्या आदल्या दोन दिवसांत त्याचा हात तापलेला लागतो, ती थर्मामीटर लावते, ३८.५. ताप म्हणावा तर दुखणं नाही. दुसऱ्या महिन्यात पुन्हा तेच. तिसऱ्या महिन्यात ती तारखा कॅलेंडरवर लिहिते.

कॅलेंडर खऱ्या वर्षाचं घ्या. पहिली भेट अनंत चतुर्दशीच्या रात्री घडवा. इंदुरात गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेल्या देखाव्यांची मिरवणूक, त्या रात्री निघतात, शहर रात्रभर रस्त्यावर असतं, आणि पौर्णिमा एक दिवसावर. एका दिवसाने वाचलेला माणूस, ढोलांनी कान फाटत असलेला, त्या गर्दीत एक वास ओळखतो. मग कोजागरी. सगळे गच्चीवर, आटीव दुधात चंद्र बघायचा, आणि बोलावलेला नायक येत नाही. मराठी घरात याहून ठळक गैरहजेरी नाही. कोजागरी मध्यरात्रीच्या पौर्णिमेवर ठरते, त्यामुळे कॅलेंडरवर ती कधी आश्विन पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दिसते. २०२५मध्ये कोजागरी ६ ऑक्टोबरला होती आणि पौर्णिमा ७ला सकाळी संपली. तिथून २०२६च्या वटपौर्णिमेपर्यंत दहा पौर्णिमा भरतात, कारण २०२६मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. त्यात ३ मार्चची फाल्गुन पौर्णिमा खग्रास चंद्रग्रहणाची. इंदुरात चंद्र उगवतो तोच ग्रासलेला आणि थोड्या वेळात सुटतो. चांदण्याच्या नियमात ती दहा-पंधरा मिनिटं काय करतात? अर्धवट बदल तिथे ठेवा.

भाषेचं इंग्रजीपण घालवायला दोन गोष्टी सगळ्यात जास्त कामी येतील. एक, ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणं. कोण आधी येतं, कुठल्या भागात, आणि रागावल्यावर कोण पुन्हा ‘तुम्ही’वर जातं, हे नियमांच्या पानावर टिपून ठेवा. दुसरी, ‘तो’ आणि ‘ते’. लांडगा झालेल्या नायकाला गाववाले ‘ते जनावर’ म्हणतील, निवेदकही पहिल्या रूपांतरात ‘ते’ म्हणेल. नायिका ज्या वाक्यात पहिल्यांदा त्या लांडग्याला ‘तो’ म्हणते, तिथे प्रेमाची कबुली झाली. वेगळं वाक्य घालू नका. बोलीबद्दल एवढंच की ती घरात मराठी बोलेल, लॅबमध्ये आणि पोहेवाल्याशी हिंदी. पोहेवाल्याला मराठी बोलायला लावलंत तर इंदूर हातातून निसटेल.

शेवट वटपौर्णिमेवर आणा. इंदुरात हे व्रत दोनदा दिसतं: हिंदी भाषक शेजारणी अमावास्येला वड पूजतात, मराठी बायका पौर्णिमेला. एरवी दोन्हींत पंधरा दिवस असतात. २०२६मध्ये अधिक महिन्यामुळे अमावास्या १६ मेला आणि वटपौर्णिमा २९ जूनला. लग्न झालेल्या नायिकेला शेजारीण सुचवते, आमच्याबरोबर अमावास्येला गुंडाळ ना दोरा, काय फरक पडतो. त्या रात्री चंद्रच नाही, नवरा शेजारी सुरक्षित उभा राहील. ती वडापर्यंत जाते आणि दोरा पिशवीत तसाच ठेवून परत येते. मग २९ जून, पावसाळ्याचे दिवस, सकाळी वडाला फेऱ्या, आणि संध्याकाळी ती गच्चीवर पूर्वेकडे आभाळ बघत उभी. ढग आहेत. तो जिन्यात, दाराच्या आतल्या बाजूला. ती दार लावत नाही.